एक तीळ, सात वाटे आणि न संपणारी बेरीज

संक्रांतीच्या दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेला मजकूर आला. १ + २ + ३ + ४ … अशी कधीच न संपणारी बेरीज केली तर उत्तर उणे १/१२ येतं, हे रामानुजन यांनी सिद्ध केलंय आणि जगभरचे शास्त्रज्ञ अजून कोड्यात आहेत, असं त्यात होतं. नववीतली भाची शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘आत्या, ते उणे वगैरे राहू दे. जी बेरीज संपतच नाही तिला उत्तर असेलच कसं? दर वेळी काहीतरी मिळवत राहिलं तर ती फुगतच जाणार ना?’’

तिचा प्रश्न मला त्या मजकुरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला. मिळवायच्या संख्या अनंत म्हणजे बेरीजही अनंत, हा समज मोठ्या माणसांच्या मनातही घट्ट बसलेला असतो.

समोर ताटलीत गजक होती. इथे ग्वाल्हेरला लष्करच्या बाजारात थंडीभर मिळते ती, तीळ-गूळ कुटून कुटून पापुद्रे आणलेली. आठएक सेंटीमीटर बाजूची एक चौकोनी वडी घेतली. घरात मुलं तीन. वडीचे सारखे चार तुकडे केले, तिघांना एकेक दिला, एक उरला. उरलेल्याचे पुन्हा चार, पुन्हा तिघांना एकेक. खस्ता गजक अशी नीट तुटत नाही, चुराच जास्त होतो, म्हणून दुसऱ्या वाटणीनंतर आम्ही वहीच्या कागदावर आलो. उरलेल्या तुकड्याची बाजू दर वेळी निम्मी होते. आठाची चार, दोन, एक, अर्धा आणि पाचव्या वाटणीनंतर पाव सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम एक तीळ.

तोवर प्रत्येकाला मिळालं १/४ + १/१६ + १/६४ + १/२५६ + १/१०२४, म्हणजेच ३४१/१०२४. तिघांचं मिळून १०२३/१०२४. उरला तो तीळ १/१०२४.

आता बेरजेवरची नजर काढा आणि त्या तिळावर ठेवा. वाटणी कितीही वेळ चालली तरी कुणाचाही वाटा १/३ च्या पुढे जाणार नाही, नाहीतर तिघांचं मिळून अख्ख्या वडीहून जास्त होईल. मग तो १/३ च्या अलीकडेच कुठे अडेल का? समजा कुणी म्हणालं, एक हजारांश तरी कमी पडेल. पाचव्या वाटणीलाच हे खोटं ठरतं, कारण तेव्हा कमी पडतं फक्त १/३०७२. एक दशलक्षांश म्हणालं तर दहा वाटण्या पुरतात. कुणी कितीही बारीक अंतर सांगो, त्याहून कमी अंतर उरेल अशी वाटणी दाखवता येते, आणि तिथून पुढे ते अंतर वाढत नाही. न संपणाऱ्या बेरजेचं उत्तर १/३ आहे असं गणितात म्हणतात ते याच अर्थानं. अनंत काळ बसून कुणी मिळवणी करायची नसते.

आपल्याकडे एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात. त्याचंही गणित चोख आहे. तिळाचे आठ भाग करा, सात वाटा, आठव्याचे पुन्हा आठ. प्रत्येकाला १/८ + १/६४ + १/५१२ …, म्हणजे बरोबर १/७.

तिघांच्या वाटणीतली हीच बेरीज केरळच्या नीलकंठ सोमयाजींच्या आर्यभटीयावरच्या भाष्यात आहे. नीलकंठांचा जन्म १४४४ चा. ही बेरीज तेवढीच वाढते, त्यापुढे नाही, आणि तेवढी मात्र नक्की वाढते, हे कशावरून, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला आहे. भाचीचा प्रश्नही याच जातीचा होता.

त्याच परंपरेतल्या माधवांनी (सुमारे १३४० ते १४२५) तर १ − १/३ + १/५ − १/७ … ही बेरीज पायचा (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४१५९…) चौथा भाग देते हे शोधलं. पण ही फार रेंगाळते. पाच पदांची बेरीज ०.८३४९२, तिची चौपट ३.३४. पाय इतका मोठा नाही! तेव्हा या मंडळींनी राहिलेल्या शेपटाचाच अंदाज बांधला. घेतलेल्या पदांची संख्या ‘न’ असेल तर न/(४न² + १) एवढी दुरुस्ती करायची. शेवटी अधिक केलं असेल तर ती वजा, वजा केलं असेल तर अधिक. लागोपाठच्या दोन दुरुस्त्यांची बेरीज त्यांच्या मधल्या पदाइतकी व्हायला हवी, या अटीतून ती येते. १/(४न) ही सोपी दुरुस्ती अट जवळजवळ पाळते, ही त्याहून काटेकोर पाळते. पाच पदांसाठी दुरुस्ती ५/१०१. ०.८३४९२ मधून ०.०४९५० गेले, उरले ०.७८५४२. चौपट करा, ३.१४१७! पाच पदांत एवढं जवळ. ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषे’त, सुमारे १५३० साली, याची कारणं मलयाळममध्ये मांडलेली आहेत. मी हे दर वेळी हातानं करून पाहते आणि दर वेळी हरखून जाते.

तुकडे लहान होत जाणं मात्र पुरेसं नाही. १ + १/२ + १/३ + १/४ … घ्या. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी दाखवलं की १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, १/५ ते १/८ मिळूनही अर्ध्याहून जास्त, १/९ ते १/१६ मिळूनही. असे अर्धे कधी संपत नाहीत. १० चा आकडा ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, पण तो ओलांडला जातोच.

आणि तो उणे १/१२? तिथे पदं लहानसुद्धा होत नाहीत, त्यामुळे वडीच्या अर्थानं त्या बेरजेला उत्तरच नाही. रामानुजन यांनी १९१३ साली केंब्रिजचे गणिती हार्डी यांना लिहिताना हे ‘माझ्या उपपत्तीनुसार’ असं स्पष्ट म्हटलं होतं. ‘बेरीज’ या शब्दाला वेगळा, नीट आखलेला अर्थ दिला की ते उत्तर निघतं. त्यात कोडं नाही. मजकूर पुढे ढकलणारे नेमके तेच शब्द गाळतात. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराचंही असंच होतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० मधलं शून्य स्वच्छ दिसतं, ते डोळे भरून पाहावं. पण शून्याचा शोधच इथे लागला असं पाहुण्यांना सांगू नये. कंबोडियातल्या ६८३ च्या शिलालेखातलं शून्य त्याच्या आधीचं आहे.

संध्याकाळी भाची वही घेऊन आली. तिनं वडीचे दहा भाग केले होते आणि नऊ वाटून टाकले होते. उरलेल्याचे पुन्हा दहा, पुन्हा नऊ वाटलेले. खाली लिहिलं होतं, ९/१० + ९/१०० + ९/१००० …, आणि त्याखाली ०.९९९९…

‘‘आत्या, म्हणजे हा पूर्ण एकच की!’’