मडक्यातल्या पाण्याचा हिशेब

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं आणि ओसरताना आमच्या घरात वीतभर गाळ ठेवून गेलं. घरच्यांनी फावड्यांनी, खराट्यांनी बहुतेक काढला. परड्यातल्या कोपऱ्यातला तेवढा राहिला. उन्हं पडली तसा तो भेगाळला, त्याचे पाच-सहा कोनी तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा पापडासारख्या वर वळल्या. मी तेव्हा आठवीत होते. माती अशी वळते कशी, हा प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर मिळालं ते सहा वर्षांनी, चाकावर बसल्यावर.

आता मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. यंदा दर रविवारी मातीकामाच्या वर्गाला जाते. आतापर्यंत चार मडकी केली. पहिलं चाकावरच बसलं, दुसऱ्याला तडा गेला, तिसरं भट्टीत फुटलं, चौथं आमच्या स्वयंपाकघरात आहे. चारही वेळा जे काही घडलं ते पाण्यामुळे घडलं, असं माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडची माती मुळात सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची. ऊन-पावसानं बेसॉल्ट कुजतो, त्यातली खनिजं पाण्याशी संयोग पावतात आणि नवीच खनिजं तयार होतात. त्यांचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वाळूचा कण गोटीसारखा असतो, मातीचा हा कण मात्र चपटा, पत्र्याच्या कपच्यासारखा. दोन काचा पाण्यानं ओल्या करून एकमेकींवर ठेवून बघा. त्या सहज सरकतात, पण सरळ ओढून सुटत नाहीत. मळलेल्या गोळ्यात अशा असंख्य काचा असतात. बोटानं दाबलं की कपचे एकमेकांवरून सरकतात आणि बोट काढलं की आहेत तिथेच राहतात. माती आकार धरते ती यामुळे.

पण या काचांमध्ये पाणी जास्त झालं की पकड सुटते. माझ्या पहिल्या मडक्याचं तेच झालं. चाक फिरताना हात कोरडा पडला की माती ओरबाडली जाते, म्हणून मी सारखा हात पाण्यात बुडवत होते. भिंत वीतभर उंच आली, छान गोलाई आली, आणि मग बुडाशी एक सुरकुती पडून सगळं मडकं डोळ्यांदेखत खाली बसलं. सर शेजारीच उभे होते. म्हणाले, “अगं, मातीला तहानलेली ठेवायची. तू तिला पाणी पाजत बसलीस.”

नदीकाठची काळी माती नुसती का वापरत नाहीत, हेही तिथेच कळलं. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी केवळ कणांच्या मध्ये घेत नाही, कणाच्या आतल्या थरांतही शिरू देतं आणि फुगतं. उन्हाळ्यात आपल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. तिच्या नुसत्या गोळ्याचं मडकं वाळताना चिरफाळ्या होणार. म्हणून कुंभार तिच्यात दुसरी माती, राख, घोड्याची लीद मिसळतात. लिदीतलं गवताचं तूस मातीला धरून ठेवतं आणि भट्टीत जळून गेल्यावर बारीक पोकळ्या सोडून जातं. ही मिश्रणं पिढ्यान्‌पिढ्या हातानं, डोळ्यानं ठरत आली आहेत, आणि मला त्या ज्ञानाबद्दल फार आदर वाटतो.

दुसरं मडकं मी घाईनं उन्हात ठेवलं. काठ वाळला, बूड ओलं राहिलं. वाळताना कपच्यांमधलं पाणी निघून जातं आणि उरलेलं पाणी केशाकर्षणानं कपचे जवळ ओढतं. म्हणजे माती आकसते. काठ आकसला, बूड आकसायला तयार नव्हतं. दोघांच्या ओढाताणीत काठापासून खाली सरळ तडा गेला. परड्यातल्या पापडांचंही हेच. गाळाचा वरचा थर आधी वाळला, आधी आकसला आणि ओल्या खालच्या थराला घेऊन कडा वर वळल्या.

किती आकसते हे बघायला सरांनी प्रत्येकाला मातीची एक पट्टी करायला लावली. तिच्यावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढायची, वजन करायचं आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा मोजायचं. माझी पट्टी ओली असताना २०० ग्रॅम होती. सावलीत पूर्ण वाळल्यावर १५६ ग्रॅम, रेघ ९४ मिलिमीटर. भाजून आली तेव्हा १४३ ग्रॅम, रेघ ९३. लांबीत सातच टक्के घट दिसते, पण आकारमानाचा हिशेब केला तर मातीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला होता. आकसण्याचं बहुतेक काम वाळतानाच होतं. कपचे एकमेकांना टेकले की आकसणं थांबतं. त्यापुढे जाणाऱ्या पाण्याची जागा हवा घेते आणि मातीचा रंग फिका पडतो.

तिसरं मडकं भट्टीत फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी शेजारच्या मैत्रिणीच्या दोन पणत्याही फोडल्या. मला फार वाईट वाटलं. माती मळताना आत हवेचा बुडबुडा राहिला असणार, असं सगळ्यांनीच म्हटलं आणि बुडबुड्यावर खापर फुटलं. घरी येऊन मी साधा हिशेब मांडला. हवा ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापली तर जेमतेम पाव पट वाढते. तेवढ्यानं बोटभर जाड बूड फुटणार नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा मात्र ते मोकळ्या हवेत सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. माझ्या मडक्याचं बूड जाड होतं, वरून कोरडं दिसत असलं तरी आत ओल होती. बारीक छिद्रांतून वाफ निघून जायला वेळच मिळाला नाही. पुढच्या रविवारी सरांना हिशेब दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि एक सोपी खूण सांगितली: मडकं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर अजून पाणी उडतंय, भट्टीत घालायचं नाही.

खरी गंमत मात्र त्यापुढे आहे. पूर्ण वाळलेली पट्टी १५६ ग्रॅमची होती. मग भट्टीत आणखी १३ ग्रॅम गेले कुठे? थोडा पालापाचोळा जळाला असेल. पण बाकीचं पाणीच होतं, फक्त ते ओल म्हणून नव्हतं. मातीच्या खनिजात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडीनं बांधलेले असतात. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ही बांधणी सुटते आणि त्या जोड्यांचं पाणी होऊन बाहेर पडतं. शुद्ध केओलिन, म्हणजे चिनी माती, ही दिसायला कोरडी ठणठणीत पांढरी भुकटी, पण तिच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ १४ ग्रॅम असं पाणी असतं.

हे पाणी गेलं की माती पुन्हा माती होत नाही. शाडूचा गणपती बादलीत तासाभरात विरघळू लागतो आणि पणती वर्षभर पाण्यात ठेवली तरी विरघळत नाही, त्यामागे एवढाच फरक आहे. शाडू फक्त वाळवलेला असतो. आणखी तापवल्यावर कण एकमेकांना टेकतात तिथे सांधले जातात आणि लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन रंग तांबडा येतो. आपली काळी माती भाजल्यावर तांबडी होते ती याच लोहामुळे.

बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. कण सांधलेले असतील तर कंपन सगळ्या भिंतीतून फिरतं आणि खणखणीत आवाज येतो. माठ कच्चा असेल किंवा तडा असेल तर कण आणि कडा घासून ते कंपन खातात, आवाज बद्द येतो. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतली परीक्षा शास्त्राला धरून आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, तिथली तीन हजार वर्षांहून जुनी तांबडी भांडी आजही वाजवली तर धातूसारखी वाजतात. त्या कुंभारांकडे तापमापक नव्हता, पण भट्टी पुरेशी तापवली कशी जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चौथं मडकं मी पंधरा दिवस फडक्याखाली सावकाश वाळवलं. ते पाझरतं, आणि पाझरायलाच हवं. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून वाटीभर, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी उडालं, तर उरलेलं पाणी सुमारे सहा अंशांनी उतरायला हवं. बाहेरची उष्णता आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी उतरतं. कोकणातल्या दमट हवेत पाणी सावकाश उडतं, त्यामुळे तिथे माठ आपल्याकडच्याइतका गार होत नाही. आणि ऑइलपेंटनं रंगवलेले माठ कितीही देखणे दिसले तरी रंगानं त्यांची छिद्रं बुजलेली असतात. आजी पहिल्या दिवशी माझ्या मडक्याखाली ताटली ठेवायला विसरली आणि ओट्यावर ओघळ आला, तेव्हा मला आनंदच झाला.

भट्टीत गमावलेलं ते बांधलेलं पाणी मात्र मडकं कायमचं विसरत नाही. भाजलेली माती हवेतली आर्द्रता अगदी हळू परत बांधून घेते आणि तिचं वजन वाढत जातं. २००९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या मॉयरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सुरुवातीची घाई संपल्यावर ही वाढ काळाच्या चतुर्थमूळाच्या, म्हणजे वर्गमुळाच्याही वर्गमुळाच्या, प्रमाणात होते. याच आधारावर जुन्या विटा-खापरांचं वय काढण्याची पद्धत त्यांनी मांडली. जितकं वजन एका दिवसात वाढतं, त्याच्या दुप्पट व्हायला १६ दिवस लागतात, तिप्पट व्हायला ८१, चौपट व्हायला २५६.

माझी १४३ ग्रॅमची पट्टी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत मोजून कपाटात ठेवली आहे. दर वेळी आधी ओव्हनमध्ये तिची वरवरची ओल घालवायची आणि मग मोजायचं, असं ठरवलंय. पहिल्या दिवसाच्या दहापट वाढ व्हायला दहा हजार दिवस लागतील, म्हणजे सत्तावीस वर्षं. तेव्हा मी ४७ वर्षांची असेन.