ताटासमोरचा मोबाईल : पार्श्वभूमी

चिऊ-काऊचा घास मागे पडला तो दूरदर्शनमुळे नव्हे. तेव्हा घरात एकच संच असे आणि मुलांचे कार्यक्रम ठरावीक वेळीच लागत. टीव्ही आणि मुलांचा लठ्ठपणा यांचा संबंध दाखवणारा अमेरिकेतला अभ्यास १९८५ मध्येच आला होता. आपल्याकडे हा प्रश्न ताटापर्यंत पोचला तो केबलनंतर, आणि खऱ्या अर्थाने २०१६ पासून डेटा स्वस्त झाल्यावर. नागपुरात त्याला उन्हाची जोड मिळाली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी मूल बाहेर सोडता येत नाही. मग कूलरसमोर वरण-भाताचे ताट आणि मोबाईलवर कार्टून.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यासमोर बसण्याची मर्यादा सुचवली : दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. वर्षभरातच करोनामुळे शाळाच मोबाईलवर आली. जून २०२० मध्ये राज्य शासनाने दुसरीपर्यंत ऑनलाइन वर्ग नकोत असे ठरवले. जुलैत तो निर्णय फिरवून पूर्वप्राथमिकलाही रोज ३० मिनिटांची मुभा दिली. अभ्यास तुटेल, असे एका बाजूचे म्हणणे; एकदा हातात गेलेला मोबाईल परत येत नाही, असे दुसऱ्या बाजूचे. वाद मिनिटांचा झाला. वर्ग संपल्यावर जेवायला बसताना तोच मोबाईल हातात राहिला, हे मात्र आयांना रोज दिसत होते.

'स्क्रीन टाइम' या शब्दाचा घोळ इथेच आहे. अमरावतीच्या आजीशी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि कार्टून बघत दहा मिनिटांत गिळलेली पोळी, दोन्हींची बेरीज सारखीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांसाठी व्हिडिओ कॉल बंदीतून वगळला आणि जेवणाची वेळ पडद्याविना असावी असे सांगितले. चर्चा तासांचीच होते. खरे तर जेवणाबद्दलची ही दुसरी सूचना जास्त मोलाची आहे. लक्ष पडद्यावर असले की पोट भरल्याचे लवकर कळत नाही, खाल्लेलेही नीट आठवत नाही, आणि तासाभरात चिप्सचा हट्ट सुरू होतो. मूल तोंड फिरवतेय, हे भरवणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. मेथीची चव ओळखीची व्हायला ती पुन्हा पुन्हा लक्ष देऊन चाखावी लागते, तेही राहून जाते.

शाळा पुन्हा भरल्या. तेच मूल मधल्या सुट्टीत मित्रांसोबत डबा संपवते आणि रात्री घरी पहिल्या घासाआधी मोबाईल मागते.