एसे म्हणजे निबंध की प्रबंध?

बेळगावात मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरांची एक ठरलेली फजिती असते. कन्नडच्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रबंध बरेयिरि’, म्हणजे प्रबंध लिहा, असं छापलेलं दिसतं आणि पोरगं दचकतं. मराठीत प्रबंध म्हणजे पीएचडीचा जाडजूड बांधीव गठ्ठा. कन्नडात मात्र शाळकरी निबंधही प्रबंधच. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीचे सर सांगतात, एसेमध्ये थीसिस हवा. डिक्शनरी उघडली तर थीसिस म्हणजे... पुन्हा प्रबंध! निबंधाच्या पोटात प्रबंध बसवायचा तरी कसा? मीही या खड्ड्यात पडलो होतो.

1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला आणि शाळांचा कारभार बेंगळूरकडे वळला. मुलं मात्र घरी आणि वर्गात पुण्या-मुंबईकडचेच शब्द वापरत राहिली. एका दप्तरात तीन परिभाषा आल्या त्या अशा.

मुळात निबंध हा शब्दच वजनदार. संस्कृतात निबंध म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ; देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्यातलाच. त्यात बंध आहे, बांधणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा हा शब्द नव्या गद्याला मिळाला, पण वजन तसंच राहिलं: विषय घ्यायचा, मुद्दे जुळवायचे, खणखणीत निकाल द्यायचा.

फ्रेंच मोंतेनने 1580 मध्ये आपल्या लेखांना दिलेलं नाव नेमकं उलट होतं. एसे म्हणजे प्रयत्न, चाचपणी. बेकनने 1597 मध्ये ते इंग्रजीत नेलं, दहाच छोटे लेख घेऊन. आपण चाचपणीचं भाषांतर बांधणी असं केलं! मग गप्पांच्या सुरातल्या लेखनासाठी फडके, खांडेकर, काणेकरांच्या काळात ‘लघुनिबंध’ हे वेगळं नाव रुळवावं लागलं.

थीसिसचं कोडं त्यामानाने सोपं. मूळ ग्रीक शब्दात ठेवण्याचा, मांडण्याचा अर्थ आहे. एसेमधला थीसिस म्हणजे लिहिणाऱ्याने आरंभी मांडलेलं एका वाक्यातलं म्हणणं. ‘आमच्या गावात वाचनालय हवं’ हा विषय झाला. ‘वाचनालय संध्याकाळी उघडं राहिलं तरच शेतावर जाणारी मुलं वाचतील’ हा थीसिस. प्रबंधापेक्षा ‘भूमिका’ म्हटलं असतं तर आमचे निम्मे मार्क वाचले असते.

एक शब्द मात्र सीमेवर भांडत नाही: कादंबरी. बाणभट्टाच्या नायिकेचं हे नाव मराठीने आणि कन्नडनेही नॉव्हेलसाठी घेतलं. हिंदी उपन्यासावर थांबली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ (1857) लिहिणारे बाबा पदमनजी जन्माने बेळगावचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्तीही त्यांनीच केली. पुढे कन्नड लेखक गळगनाथांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात नेल्या. नॉव्हेल शिकवताना म्हणूनच इकडे कुणाची अडचण होत नाही.

अलंकारांचंही बरंचसं तसंच. दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा, या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथाचा, हात धरून नवव्या शतकात कन्नडात ‘कविराजमार्ग’ हा तसाच ग्रंथ झाला, आणि मराठी व्याकरणाची पुस्तकंही संस्कृत अलंकारांवरच पोसली. त्यामुळे सिमिली म्हणजे उपमा, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, हे दोन्ही बाजूंना चालतं. मेटाफरला रूपक म्हणतात. संस्कृतात रूपक म्हणजे नाटकही, पण त्याचा त्रास परीक्षेत होत नाही.

खरी अडते ती आयरनी. गाइडात सगळीकडे ‘उपरोध’ लिहून मोकळे होतात. पाचची खानापूर बस सहाला लागते आणि सीबीटीवरची, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावरची, म्हातारी कंडक्टरला म्हणते, “आज लवकर आलात की हो!” इथे उपरोध चपखल बसतो. पण तिला न्यायला आलेला मुलगा पलीकडच्या फलाटावर तिलाच शोधतोय, हे आपल्याला दिसतं आणि तिला दिसत नाही, तेव्हा कुणी कुणाला टोमणा मारलेला नसतो. तीही आयरनीच, नाटकातली. तिथे उपरोध लिहिला की पेपर तपासणारा लाल रेघ मारतो, आणि मराठीत काय लिहायचं होतं ते मात्र तोही सांगत नाही.