वॉर्सात उठाव दोन झाले, आणि लोक एकच धरतात

वॉर्सा बघून आलेलं कुणी "उठावाचं स्मारक पाहिलं" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या उठावाचं? कारण पोलंडच्या या राजधानीत दुसऱ्या महायुद्धात दोन झाले, सव्वा वर्षाच्या अंतराने, दोन्ही जर्मनांविरुद्ध, दोन्ही चिरडले गेले, आणि दोन्हींची मोठी स्मारकं एकमेकांपासून चालत वीसेक मिनिटांवर, मग गोंधळ होणारच.

पहिला घेटोचा, म्हणजे ज्यूंच्या बंदिस्त वस्तीचा. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून चार लाखांवर ज्यूंना आत कोंडलं, १९४२ च्या उन्हाळ्यात त्यातल्या अडीच लाखांहून जास्त लोकांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेलं, ते मारायलाच. मागे राहिलेल्यांना आपलं काय होणार ते कळून चुकलं होतं. १९ एप्रिल १९४३ ला जर्मन त्यांना न्यायला आत शिरले तेव्हा मोर्देखाय अन्येलेविच आणि त्याच्यासोबतची विशीतली पोरं मोजकी पिस्तुलं नि हातबॉम्ब घेऊन उभी राहिली. जिंकायचा प्रश्नच नव्हता, मुकाट्याने गाडीत चढायचं नाही एवढंच. जर्मन एकेक घर जाळत गेले, तरी उठाव मोडायला १६ मे उजाडला.

दुसरा १ ऑगस्ट १९४४ चा, संध्याकाळी ५ वाजताचा. ही पोलंडची भूमिगत सेना, आर्मिया क्रायोवा, आणि यांचा हिशेब बरोब्बर उलटा, यांना जिंकायचंच होतं. रशियन फौज व्हिस्तुला नदीकडे सरकत होती, ती शहरात यायच्या आत राजधानी आपणच सोडवायची, म्हणजे स्टालिनसमोर घरमालक म्हणून उभं राहता येईल. काही दिवसांचं काम धरलं होतं, ते चाललं ६३ दिवस. रशियन पलीकडच्या काठावरच राहिले, मुद्दाम की नाइलाजाने यावर अजून भांडणं चालतात. दीड लाखाच्या वर साधी माणसं गेली आणि नंतर जर्मनांनी उरलंसुरलं शहर पद्धतशीर पाडलं.

चालताना फरक पायाखालीच कळतो. मुरानुफ भागात इमारती उंचवट्यांवर दिसतात, पायऱ्या चढून जायला लागतं, कारण घेटोचा ढिगारा उचलायचा कुठे म्हणून नंतरची वस्ती त्याच्यावरच बांधली. भिंत होती तिथे फुटपाथवर लोखंडी पट्ट्या बसवल्यात, '१९४०–१९४३' लिहिलेल्या. अन्येलेविचचा शेवटचा बंकर मीवा रस्त्यावर १८ नंबरला होता, पण आजचं १८ नंबरचं घर शोधत बसू नका, नंबर बदललेत, तिथे आता मातीचा छोटा टेकाड आहे. याउलट भिंतीवर 'पी' आणि 'डब्ल्यू' जोडून काढलेला जहाजाचा नांगर दिसला की समजा ही गोष्ट भूमिगत सेनेची.

अर्थात रेघ इतकी सरळ नाही. मारेक एडेलमन दोन्ही उठावांत लढला. आणि ५ ऑगस्ट १९४४ ला पोलिश तुकडीने घेटोच्या ढिगाऱ्यातली एक छावणी फोडून ३४८ ज्यू कैदी सोडवले, त्यातले काही लगेच त्यांच्यासोबत लढायला उभे राहिले.

घेटोच्या स्मारकाकडून क्राशिन्स्की चौकाकडे निघालात की वाटेत बागेच्या कडेला इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक लागतं, तिथे चक्क कोल्हापूरच्या नावाची पाटी आहे! वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले त्याची. पण ते या दोन्ही उठावांतले नव्हेत हं, रशियनांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे नेलेले लोक ते, तिसरीच गोष्ट.

आणि मग चौक. १९४४ चं स्मारक इथे, जवळच ते गटाराचं तोंड, ज्यातून सप्टेंबरच्या सुरुवातीला हजारो लोक खाली उतरून जुन्या शहरातून निसटले. सगळे फोटो यांचेच काढतात. पण एप्रिल १९४३ मध्ये याच चौकात, घेटोच्या भिंतीला लागून, ईस्टरसाठी जत्रेतला गोल पाळणा लावलेला होता, आणि भिंतीपलीकडे घरं जळत असताना तो फिरत होता.