जुन्या तांब्याला नवा जोड

ब्रिटनमध्ये 1960च्या दशकात बांधलेल्या घराचे नूतनीकरण करताना एखादी भिंत काढली, तर अडचण पुष्कळदा लाकडी जमिनीखाली सापडते. बॉयलरमध्ये तापलेले पाणी खोलीखोलीतल्या रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या तेथे तुळयांमधून गेलेल्या असतात, आणि रेडिएटर दुसरीकडे न्यायचा तर त्या कापून, वळवून पुन्हा जोडाव्या लागतात.

कापण्यापूर्वी नळी मोजणे आवश्यक असते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्या देशाने तांब्याच्या नळ्यांसाठी इंच सोडून मिलिमीटर स्वीकारले आणि मोजण्याची रीतही बदलली: इंची नळी आतील व्यासावरून ओळखली जाई, मिलिमीटरची नळी बाहेरील व्यासावरून. अर्ध्या इंचाची जुनी नळी बाहेरून सुमारे 15.1 मिलिमीटर भरते, त्यामुळे पान्याने आवळण्याचा 15 मिलिमीटरचा जोड तिच्यावर चालतो. पाऊण इंची नळी मात्र सुमारे 21.5 मिलिमीटरची असल्याने 22च्या जोडात सैल पडते, आणि तिच्यासाठी जोडाच्या आत नळीभोवती आवळले जाणारे कडे वेगळ्या मापाचे घ्यावे लागते.

डाख दिलेल्या जोडात ही सैल फट आणखी घातक ठरते. वितळलेला डाख नळी आणि जोड यांच्यामधल्या अरुंद फटीत केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढते त्याच तत्त्वाने, ओढला जातो. फट रुंदावली की ही ओढ कमी होते आणि जोड अर्धवट भरतो. धातू स्वच्छ घासून फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड दूर करणारा लेप, लावणेही याचसाठी, कारण ऑक्साइडच्या थरावर डाख पसरत नाही.

मात्र जुन्या नळीवर काम करताना खरी कसोटी आत उरलेल्या पाण्याची असते. कथील आणि तांबे यांचा शिसेविरहित डाख सुमारे 227 अंश सेल्सिअसला वितळू लागतो, आणि जोडापाशी पाणी साचलेले असेल, तर ते उकळून संपेपर्यंत तेथील तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता लागते, त्यामुळे थोडेसे पाणीही बर्नरची बरीच आच गिळून टाकते. म्हणूनच अनुभवी कारागीर नळीत पावाचा गोळा कोंबून पाणी अडवतात, जो पुढे पाण्यात विरघळून जातो. युक्ती साधी आहे, पण तिच्यामागील उष्णतेचा हिशेब अगदी अचूक आहे.

काही घरांत पोलादी नळ्याही आढळतात. त्यांचे आटे आपल्याकडील जीआय पाईपच्या आट्यांच्याच ब्रिटिश मापाचे असतात. पोलाद आणि तांबे पाण्यात एकमेकांशी जोडले गेले, की विद्युत-रासायनिक क्रियेत पोलाद झिजते. बंद प्रणालीत पाण्यातील ऑक्सिजन लवकर संपतो आणि ही झीज मंदावते, परंतु पाणी काढून पुन्हा भरले की नवा ऑक्सिजन आत येतो. त्यासाठीच नव्या पाण्यात गंजरोधक द्रव मिसळावा लागतो.

वळवलेल्या नळीला हालचालीला जागाही हवी. तांब्याची 10 मीटर नळी 60 अंशांनी तापली, की सुमारे 10 मिलिमीटरने लांबते, आणि तुळईच्या खाचेत घट्ट बसली असेल तर दर सकाळी हीटिंग सुरू होताच लाकडावर घासून करकरते. खाच थोडी रुंद ठेवून नळीखाली नमद्याची पट्टी घातली, की हा आवाज थांबतो.