के-७४ चा हल्ला आणि नौदलाच्या ब्लिम्पची पार्श्वभूमी

१९३३ ला अमेरिकन नौदलाचं एअरशिप (हवेपेक्षा हलक्या गॅसवर तरंगणारं हवाई जहाज) 'अ‍ॅक्रॉन' समुद्रात कोसळून ७३ जण गेले, दोन वर्षांनी 'मेकॉन'ही बुडालं, आणि सांगाडावाल्या महाकाय एअरशिपांवरून अमेरिकन नौदलाचं मन उडालं ते उडालंच. उरले बिनसांगाड्याचे ब्लिम्प, म्हणजे नुसत्या गॅसच्या फुग्याचे एअरशिप. हेलियम अमेरिकेकडे मुबलक, त्यामुळे हायड्रोजनवाल्या जर्मन एअरशिप हिंडेनबर्गसारखं पेटायची भीती नाही. १९३८ ला के-२ नावाचा ब्लिम्प उडाला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच धर्तीचे शंभरावर ब्लिम्प गस्तीसाठी बनले. ट्रेनिंगला छोटे एल क्लास, त्यातले काही तर एका टायर कंपनीचे जाहिरातीचे ब्लिम्प होते, तेच नौदलाने घेतले.

ब्लिम्पचं नाव निघालं की त्या गस्तीवाल्यांतल्या के-७४ चा वाद निघतोच. १८ जुलै १९४३ च्या रात्री फ्लोरिडाजवळ त्याच्या रडारवर जर्मन पाणबुडी यू-१३४ आली. नियम असा की लांब राहायचं आणि मदत बोलवायची, पण पुढे दोन व्यापारी जहाजं होती म्हणून कमांडर सरळ पाणबुडीवर चालून गेला आणि नेमके डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) अडकले. खालून गोळीबार झाला, फुगा फाटला, तरी पेटला नाही, सावकाश पाण्यावर उतरला. दहापैकी नऊ वाचले, एकाला शार्कने नेलं. ठपका कमांडरवर. मेडल मिळायला त्याला बरीच वर्षं लागली.

मला विचाराल तर ठपका अन्यायच होता. हळू उडणारा ब्लिम्प तोफेपुढे टिकत नाही हे मान्य, पण डोक्यावर ब्लिम्प असला की पाणबुडीला बुडी मारावी लागते, पाण्याखाली तिचा वेग पडतो आणि तेवढ्यात जहाजं निसटतात, म्हणजे त्याचा खरा उपयोग हाच, आणि हिशोब मात्र किती पाणबुड्या बुडवल्या याचाच मांडतात. बरं, युद्धात शत्रूने पाडलेलं अमेरिकन एअरशिप के-७४ हे एकच.

१९४४ ला काही के-शिप अटलांटिक ओलांडून मोरोक्कोला गेले, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पाण्याखालच्या पाणबुड्या चुंबकीय यंत्राने हुडकायला. युद्धानंतर आणखी मोठे आले, १९५७ ला एकाने तर न उतरता ११ दिवस उड्डाण केलं. मग रडारवाले आले, त्यातला एक १९६० ला न्यू जर्सीजवळ समुद्रात कोसळला, १८ गेले. पुढच्याच वर्षी प्रोग्राम गुंडाळायचं ठरलं आणि ऑगस्ट १९६२ ला न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट तळावरून शेवटचं उड्डाण झालं. २००६ मध्ये नौदलाकडे परत एक ब्लिम्प आला, एमझेड-३ए, पण तो गस्तीला नाही, सेन्सर तपासायला.