स्ट्रिंग : मेमरी ॲलोकेशनची बचत

प्रोग्राममधला मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, हाताळताना मेमरीचे नवे तुकडे कमीत कमी वेळा मागावे लागतील अशी व्यवस्था करणे. सॉफ्टवेअरचा वेग वाढवण्याची ही जुनी रीत आहे. खर्च तीन ठिकाणी होतो : हीपमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लागेल तशी जागा मिळणाऱ्या मेमरीच्या भागात, जागा शोधायची, तिथे मजकूर उतरवायचा आणि काम संपल्यावर जागा मोकळी करायची. जावा, सी शार्प, गो या भाषांत शेवटचे काम गार्बेज कलेक्टर करतो. ते डोळ्यांआड होते, म्हणून फुकट वाटते.

जावा आणि सी शार्पमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. तिला काही जोडायचे तर मोठी जागा घेऊन जुना मजकूरही तिथे न्यावा लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानात हळदीच्या सौद्यांची दिवसभराची यादी छापायची आहे असे समजू : शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, दर. ओळी १०००, प्रत्येक ओळ १५० बाइटची. पूर्ण यादी भरते दीड लाख बाइट. पण लूपमध्ये अधिक चिन्हाने ओळीला ओळ जोडत गेले, तर उतरवून होतात सुमारे साडेसात कोटी बाइट, कारण प्रत्येक ओळीपायी आधीची सगळी यादी पुन्हा उतरते. दर नोंदीला नवी वही काढून पहिल्या पानापासून रोजकीर्द उतरवणारा दिवाणजी दुसऱ्या दिवशी कामावर राहणार नाही. प्रोग्राममध्ये मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो, कारण पन्नास ओळींच्या चाचणीत तो सापडतच नाही.

उपाय वाढत्या बफरचा, म्हणजे आधीच थोडी जास्त घेऊन ठेवलेल्या जागेचा. जावा ५ मध्ये (२००४) स्ट्रिंगबिल्डर आला, गो १.१० मध्ये (२०१८) त्याच कामाचा बिल्डर. बफर भरला की साधारण दुप्पट होतो. १६ बाइटांपासून सुरुवात केली तरी वरच्या यादीला चौदा वेळा जागा बदलावी लागते, हजार वेळा नाही. अंदाजे आकार आधीच सांगितला तर तेवढेही नाही. एकाच वाक्यात तीन-चार तुकडे जोडायचे असतील तिथे बिल्डर घालू नये. ते कंपायलर, म्हणजे कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम, स्वतः पाहतो आणि बिल्डरने कोड उगाच किचकट होतो.

मराठी मजकुराची अडचण निराळी. सी प्लस प्लसमध्ये छोटी स्ट्रिंग हीपवर न जाता स्वतःच्याच पोटात राहते. ६४ बिट यंत्रावर जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत ही मर्यादा १५ बाइट, एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-प्रकल्पाच्या लायब्ररीत २२. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. ‘मिरज’ १२ बाइटांत बसते. ‘सांगली’ला १८ लागतात, म्हणजे जीसीसीत ती थेट हीपवर, रोमन लिपीत तेच नाव ६ बाइटांचे. ‘कवठेमहांकाळ’ ३३ बाइटांचे, ते दोन्हीकडे बाहेर. इंग्रजी नमुन्यांवर मोजलेला वेग मराठी यादीला लागू धरण्यात म्हणूनच धोका आहे. जावा ९ (२०१७) पासून लॅटिन अक्षरांना एकेक बाइट पुरतो. देवनागरीला त्यात काही मिळाले नाही, दोन बाइट कायम आहेत.

यादीत गावांची नावे शेकडो वेळा येतात. प्रत्येक नावाची एकच प्रत ठेवून बाकी ठिकाणी तिचा संदर्भ देणे याला इंटर्निंग म्हणतात. गावांसाठी ते उत्तम; पावती क्रमांकांसाठी निरर्थक, कारण ते पुन्हा येतच नाहीत.

ओळीतून फक्त गाव किंवा दर हवा असेल तर तुकडा कापून नवी स्ट्रिंग करायची गरज नसते. सुरुवात कुठे आणि लांबी किती, एवढे पुरते. सी प्लस प्लस १७ मधील स्ट्रिंग व्ह्यू आणि डॉटनेटमधील स्पॅन हेच करतात. मूळ ओळ आधी मोकळी झाली, तर सी प्लस प्लसमधला व्ह्यू रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो. जावात उलटे घडत असे : सबस्ट्रिंग, म्हणजे स्ट्रिंगमधून कापलेला तुकडा, मूळ मजकुराची जागा वाटून घेई, त्यामुळे चार अक्षरांच्या गावापायी आख्खी फाइल मेमरीत अडकून पडे. २०१२ मध्ये, जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून, सबस्ट्रिंग नक्कल काढू लागली.